युग्वा घरी करताना: कांगनुंगच्या नोंदी

कोरियातल्या तळलेल्या गोड पदार्थांची दोन घराणी आहेत. याकग्वा, मेजाकग्वा ही गव्हाच्या पिठाची. मळायचं, तळायचं, पाकात टाकायचं, एका दुपारचं काम. युग्वा मात्र चिकट तांदळाचा. तांदूळ आंबवायचा, दळायचा, वाफवायचा, कुटायचा, कापून वाळवायचा आणि मग तळायचा. फुललेल्या वडीला जोचॉंग, म्हणजे तांदूळ आणि जवाचे मोड यांपासून आटवलेला पाक लावायचा, आणि त्यावर तीळ किंवा लाह्यांचा चुरा चिकटवायचा. वडी चौकोनी असली की सान्जा, बोटाएवढी असली की कांगजॉंग.

कांगनुंग या कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शहराजवळ साचन भागात घरोघरी हाच धंदा चालतो. तिकडे त्याला ग्वाजुल म्हणतात. डबे बाजारात मिळतात. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या हाल्मोनी (आजी) सॉल्लालच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सकाळी पूर्वजांपुढे घरचाच युग्वा मांडतात, आणि यंदा त्यांचं मनगट कुटायला तयार नाही. म्हणून हात माझे आणि नजर त्यांची, असं ठरलं. मराठीत याबद्दल काही सापडलं नाही, तेव्हा जे फसलं तेही लिहून ठेवते आहे.

१० जानेवारी

चापसाल (चिकट तांदूळ) २ किलो. स्वच्छ धुऊन मातीच्या बरणीत, वर चार बोटं पाणी, झाकण सैल. काचबंद बाल्कनीत ठेवली. तिथे दिवसा १० अंशांच्या आसपास असतं.

तांदूळ हाच लागतो. दाणा खडूसारखा पांढरा दिसतो, आरपार दिसत नाही. पुण्या-मुंबईत करणाऱ्यांना वाटेल की इंद्रायणी किंवा आंबेमोहोर शिजल्यावर चिकटतो, तर तो चालेल. चालणार नाही. त्या तांदळात अमायलोज असतं, चापसालमध्ये जवळजवळ नसतं, आणि वाळलेली वडी तेलात ताणली जाणं त्याच्यावरच अवलंबून आहे. आसामचा बोरा साउल मिळाला तर तो या जातीतला आहे.

१३ जानेवारी

अनारशाचा तांदूळ जसा रोज पाणी बदलून भिजवतात, तसाच हा भिजवत होते. हाल्मोनी जिना चढून आल्या, बरणीत बोट बुडवून हुंगलं आणि म्हणाल्या, "सेदाक, याला तर वासच नाही." (लग्न झालेल्या तरुण बाईला इथल्या आज्या अशीच हाक मारतात.) इथे पाणी बदलायचंच नाही. तांदूळ आंबायला हवा, आणि रोजच्या नव्या पाण्याबरोबर आंबवणारे जिवाणू धुऊन जातात. इतके दिवस वाया. आज शेवटचं पाणी भरलं आणि बरणी स्वयंपाकघरात ओंदोलच्या, म्हणजे खालून तापवलेल्या जमिनीच्या, उबेजवळ आणली. आता हात लावायचा नाही.

१८ जानेवारी

पाण्यावर पांढरी साय धरू लागली आहे. आंबूस वास येतो, पण नासका नाही. साय पांढरीच राहिली तर ठीक. गुलाबी, काळी किंवा हिरवी झाली तर सगळं फेकायचं.

दुसरं काम नाही, म्हणून थोडं जुनं लिहिते. एवढा धान्याचा, मधाचा आणि तेलाचा पसारा सणासुदीला सगळीकडेच व्हायला लागला, तर राज्याला तो जड जाणारच. कोर्यो राजवटीत म्यॉंगजोंग राजाने ११९२ मध्ये युमिलग्वा, म्हणजे मध घालून तळलेले पिठाचे पदार्थ, वापरायला बंदी केली आणि त्यांच्या जागी फळं मांडायला सांगितलं. आठशे वर्षांनंतरही पूर्वजांपुढच्या ताटात फळं आणि तळलेले पदार्थ शेजारी शेजारीच आहेत.

२४ जानेवारी

दाणा दोन बोटांत चिमटला की भुगा होतो. तांदूळ तयार. आता धुणं. वास पूर्ण जाईपर्यंत, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. यात कंटाळा केला तर आंबट वास तळल्यावरही राहतो, पाकानेही झाकत नाही. १ किलो कोरड्या तांदळाचं ओलं वजन १.४ किलोच्या जवळपास भरतं. चाळणीत अर्धा तास निथळला.

पीठ बांगात्गानमध्ये, म्हणजे इथल्या गिरणीत, दळलं. मिक्सरवर होत नाही. ओल्या तांदळाची कणी राहते, आणि जिथे कणी तिथे वडी फुगत नाही. सॉल्लाल जवळ आल्याने त्तॉकच्या (तांदळाच्या केकच्या) तांदळासाठी रांग होती. त्तॉकच्या दळणात गिरणीवाले स्वतःहून मीठ घालतात. आमच्या पहिल्या निम्म्या तांदळात हात सवयीने गेला आणि मीठ पडलं. दुसऱ्या निम्म्याला मी ओरडून थांबवलं. हाल्मोनींचं म्हणणं, मीठ ओल धरून ठेवतं, वडी नीट वाळत नाही. ते खारं पीठ इन्जॉल्मीच्या, म्हणजे चिकट तांदळाच्या त्तॉकच्या, कामी आलं, भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवून संध्याकाळी संपलं. गिरणीत पाऊल टाकल्या टाकल्या "मीठ नको, साखर नको, दोनदा दळा" एवढं सांगून टाकायचं.

घरी येऊन आणखी २ किलो तांदूळ भिजत घातला. या वेळी थेट स्वयंपाकघरात, पाणी न बदलता.

२५ जानेवारी

पीठ पुन्हा बारीक चाळणीने चाळलं. रात्रभर भिजवलेले दोन चमचे सोयाबीन कच्चेच वाटून त्यात अर्धी वाटी सोजू (कोरियन दारू) घातली, आणि हे मिश्रण थोडं थोडं पिठावर शिंपडत हाताने चोळलं. सोजूने वडी हलकी होते, सोयाबीनने आतली जाळी बारीक पडते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलल्यावर मोडावा, इतपतच ओल. मोदकपात्रात ओलं फडकं घालून चांगली ४० मिनिटं वाफवलं. मध्ये एकदा वरचं खाली करायचं, नाहीतर मधला भाग पांढरा कच्चा राहतो.

मग क्वारी, म्हणजे गोळा कुटणं. गरम गोळा जाड बुडाच्या पातेल्यात घ्यायचा आणि लाकडी दांड्याने एकाच दिशेने घोटत, कुटत, वर ओढत राहायचं. हवा आत कोंडायची असते. सुरुवातीला दांडा पिठात रुततो आणि पचपच आवाज येतो. वीसेक मिनिटांनी गोळा पातेल्याचे काठ सोडतो, दांड्याबरोबर लांब पट्टीने वर येतो, आणि ती पट्टी परत खाली पडताना तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे फुगे उठून फुटतात. त्या वेळी आवाज कोरडा, टपटप असा होतो. हाल्मोनी खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. माझं लक्ष फुग्यांकडे, त्यांचं आवाजाकडे. "आता" म्हणाल्या तेव्हा मला अजून काहीच फरक कळला नव्हता. नंतर पट्टी ओढून पाहिली तर फुगे आले होते.

पाटावर बटाट्याचं स्टार्च पसरून गोळा ओतला, वरून स्टार्च भुरभुरवून अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा पातळ लाटला. लगेच कापू नये, सुरीला चिकटतो. तासाभराने वरची कातडी धरली की ४ सेंटिमीटरचे चौकोन.

२७ जानेवारी

चौकोन जमिनीवर कागद पसरून ठेवले होते. ओंदोल जोरात, शेजारी ओल शोषणारं यंत्र चालू, अंगावर काही झाकलेलं नाही. लवकर वाळावेत हा हिशोब. सकाळी प्रत्येकाच्या अंगावर केसाएवढ्या भेगा. एक मोडून पाहिला तर कडा काचेसारख्या कडक आणि पोटात अजून मऊ.

२८ जानेवारी

तरीही तळून पाहिले. दोन कढया. पहिलीत तेल १०० अंश, दुसरीत १६५.

पहिल्या कढईत वडी तळाशी पडते, मऊ होते आणि हळूहळू वर येते. ती मऊ झाली की दुसऱ्या कढईत टाकायची. तिथे काही सेकंदांत तिची बाजू जवळजवळ दुप्पट होते. निदान व्हायला हवी. आमच्या वड्या भेगांवरून फाटल्या. एक बाजू फुलली, एक तशीच, मध्ये कच्ची गाठ. शिवाय स्टार्च नीट न झाडल्याने ते तेलात जळलं आणि तेल काळं पडलं. दीड लिटरच्या वर तेल गेलं.

उष्णता वाढवून, कमी करून, जास्त वेळ ठेवून सगळं करून पाहिलं. काही फरक नाही. हाल्मोनी शांतपणे म्हणाल्या, तळणीत काही बिघडत नाही गं, आधीचं बिघडलेलं तिथे दिसतं. खरंच आहे. वडी फुगते ती आत राहिलेल्या थोड्याशा पाण्याच्या वाफेने. ते पाणी सगळीकडे सारखं नसेल तर फुगणंही सारखं होणार नाही. म्हणजे या पदार्थात शिकायचं ते वाळवणं आहे. बाकीचं तिथपर्यंत पोचायला.

१ फेब्रुवारी

दुसरा तांदूळ आठवड्याच्या आतच तयार झाला. उबेत ठेवलं की लवकर आंबतो, पण रोज बघावं लागतं. गिरणी, चाळणी, सोजू, सोयाबीन, वाफ, सगळं आधीसारखं. मीठ नाही.

कुटायला स्टँड मिक्सर वापरून पाहिला, कणकेचा आकडा लावून. पाचेक मिनिटांत मोटारीला वास यायला लागला आणि गोळा आकड्यावर चढून बसला. हवा आत जाण्याऐवजी तो नुसता गोल फिरतो. बंद करून परत दांडा घेतला. ज्यांना सोबत आहे त्यांनी दोघांनी आळीपाळीने कुटावं; गोळा निवला तर पुढे कितीही कुटून उपयोग नाही.

३ फेब्रुवारी

सकाळपासून समुद्राकडून वारा आणि बर्फ. एरवी कांगनुंगचा हिवाळा कोरडा असतो. पूर्वेचा वारा आला की हवा ओली होते. या वेळी चौकोन कागदावर ठेवून वर सुती चादर घातली आहे, ओंदोल मंद, दर तीन-चार तासांनी उलटायचे. भेग एकही नाही. पण वाळतही नाहीत.

अंदाजावर सोडायचं नाही म्हणून वजन करायला घेतलं. कापल्यावर लगेच मूठभर वड्या वेगळ्या काढून १०० ग्रॅम मोजल्या होत्या. त्यांचं आजचं वजन ८१. रोज सकाळ-संध्याकाळ याच मोजायच्या आणि प्रत्येक वेळी बाकीच्यातली एक तळून बघायची.

हातात वेळ होता म्हणून मेजाकग्वा केला. मैदा, चिमूटभर मीठ, आल्याचा रस. पातळ लाटून छोट्या पट्ट्या, मध्ये तीन चिरा, मधल्या चिरेतून एक टोक उलटं काढायचं. १५० अंशांत तळायचं. पाकाला साखर-पाणी समान. विरघळेपर्यंत ढवळायचं नाही, ढवळलं की साखर धरते. एक चमचा जोचॉंग घातलं तर ती भीती राहत नाही. यात चुकण्यासारखं काही नाही, लहान मुलांना हाताशी घेऊन करता येतं.

५ फेब्रुवारी

७४ ग्रॅम असताना तळलेली वडी मोठा फुगा होऊन आतून पोकळ झाली, निवल्यावर बसली आणि चिवट लागली. ७० ला जाळी दिसू लागली, पण मधोमध मोठं भोक.

६ फेब्रुवारी

६७ ग्रॅम. वडी मोडली की टक्क आवाज, तुटलेली कडा सगळीकडे सारखीच दुधी. तळली तर चौफेर सारखी फुलली, आत बारीक पांढरी जाळी, जिभेवर ठेवली की विरते. हाच मुक्काम. मला १०० चे ६५ ते ६७ हे जमलं. तुमचा गोळा जास्त ओला असेल तर आकडा खाली येईल, म्हणून आपला आपण तळून ठरवा.

सगळ्या वड्या मऊ ब्रशने झाडून घट्ट डब्यात भरल्या. एक रात्र बंद राहिल्या की आतली-बाहेरची ओल सारखी होते. डब्यातल्या या वाळलेल्या वडीला बातांग म्हणतात.

७ फेब्रुवारी

तळण. नवं तेल, दोन्ही कढयांत थर्मामीटर.

थंड तेलातच वड्या टाकून १०० पर्यंत तापवलं तर त्या जास्त सारख्या मऊ होतात, असं दिसलं. एका वेळी पाच-सहाच. बोटाने नव्हे, झाऱ्याने दाबून बघायची. लवली की दुसऱ्या कढईत. तिथे एका वेळी एकच वडी. दोन पळ्या हातात हव्यात. वडी फुलायला लागते तेव्हा कडा आत वळतात आणि ती गुंडाळी होऊ पाहते. एका पळीने मधोमध दाबून धरायचं, दुसरीने कडा बाहेर ओढायची. फुलणं थांबलं की पळ्या सोडायच्या, उलटायची, रंग यायच्या आत काढायची. युग्वा पांढराच हवा. तांबूस झाला म्हणजे दुसरी कढई फार तापली.

पहिल्या काही वाकड्या निघाल्या. मग हाल्मोनींनी पळ्या स्वतः घेतल्या. दुखरं मनगट असूनही त्यांच्या हातून एकेक वडी वहीच्या पानासारखी सपाट. बाजू ४ सेंटिमीटरची ८ च्या आसपास. मी पहिली कढई सांभाळली. उभ्या करून, कागदावर तेल पूर्ण निथळू द्यायचं. तेलकट अंगावर पाक धरत नाही.

८ फेब्रुवारी

पाक. जोचॉंगमध्ये पाणी घालून पातळ केलं तर लावायला सोपं जातं, पण वडी ते पाणी पिते आणि दुसऱ्या दिवशी चामट होते. नुसतं घट्ट लावायला गेलं तर ब्रशखाली वडी चुरते. उपाय: जोचॉंगमध्ये आल्याच्या चकत्या घालून गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवायची. पाणी न घालता ते तुपासारखं सैल होतं, आणि काम संपेपर्यंत वाटी पाण्यातच राहू द्यायची. तयार मुल्यॉत, म्हणजे मक्याचं सिरप, स्वस्त पडतं, पण त्याला तांदळाची चव नाही.

लावायला निम्म्यांना भाजलेले तीळ, निम्म्यांना सेबान. सेबान म्हणजे चापसाल वाफवून, मोकळा वाळवून, हलका कुटून, चाळणीसकट २०० अंशांच्या तेलात बुडवायचा. क्षणात फुलतो, लगेच उचलायचा. पूर्वी चिकट तांदळाच्या साळीच्या लाह्या करून, टरफलं निवडूनही लावत. महाराष्ट्रात साळीच्या लाह्या मिळतातच, त्या हाताने किंचित चुरून घ्या. रंगासाठी थोड्या सेबानला गार्डेनियाच्या सुक्या फळांचं पिवळं पाणी शिंपडलं होतं. फार पाणी झालं आणि तो मऊ पडला. तेवढा परत मंद आचेवर कढईत कोरडा परतून घेतला, तेव्हा सुधारला.

एका हाताने पाक, दुसऱ्या हाताने चुरा. तोच हात दोन्हीकडे गेला की चुऱ्याचे गोळे होतात.

१० फेब्रुवारी

खर्च. तांदूळ, तेल, जोचॉंग, तीळ, सोजू, दोनदा दळणावळ आणि एक थर्मामीटर धरून साधारण ७० हजार वॉन. त्यातलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खारं पीठ आणि पहिल्या फसलेल्या तळणीत गेलं. भेटीचा बरा डबा याच्या निम्म्यात येतो. पैसे वाचवायला हे करू नये. पण डब्यातल्या युग्वाची जाळी आता मी फोडून बघते, आणि साचनच्या बाया हिवाळ्यात पहाटे उठून काय काय सांभाळत असतील ते कळतं. त्यांच्या डब्याची किंमत मला आता कमी वाटते.

वापरलेलं तेल मोरीत ओतू नका. इथल्या इमारतींत कचऱ्याच्या जागेजवळ तेलाचा वेगळा पिंप असतो, गाळून तिथे.

युग्वा हवाबंद डब्यात, थरांमध्ये कागद घालून, थंड खोलीत ठेवला आहे. फ्रिजमध्ये नाही, बाहेर काढल्यावर घाम धरतो आणि मऊ पडतो. निम्म्याहून जास्त बातांग न तळता पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाकलं आहे. हाल्मोनी म्हणतात, सॉल्लालच्या आदल्या दिवशी काढायचं, पिशवी न उघडता खोलीच्या उष्णतेवर येऊ द्यायचं, एक वडी तळून बघायची, आणि ती बसली तर बाकीच्या उबदार जमिनीवर चादरीखाली दोन तास ठेवून मग कढई चढवायची.